बिनकचऱ्याचं घर

"मावशी, तुम्हीच सांगा, यात चूक कुठं आहे?"

हर्षदने लॅपटॉप गोदामावशींच्या पुढ्यात धरला. विचारण्याचा सूर असा, की चूक सापडलीच तर ती बघणाऱ्याच्या डोळ्यांची निघावी.

मावशींनी चष्मा चढवला. पडद्यावरचे, घरागणिक एक असे रंगीत चौकोन न्याहाळले. चष्मा काढला.

"हिरवं लई झालंय."

"हिरवं म्हणजे चांगलं, मावशी."

"बरं..."

गोदामावशींनी धामणपेठेचे रस्ते चौतीस वर्षं झाडले. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, तरी दिवसातून एकदा त्या कचरा निवडायच्या शेडमध्ये येऊन बसत. शहरातल्या कॉलेजातून इंजिनिअरिंगची पाच पोरं गावाचा कचरा सुधारायला आली, तेव्हा नगरपंचायतीने ती मावशींच्या हवाली केली. पोरांनी त्यांच्याकडून गल्ल्या शिकून घेतल्या. आणखी काही शिकण्यासारखं असेल, असं काही त्यांना वाटलं नाही.

पाचातले चौघे नोकरीच्या मुलाखतींना निघून गेले. हर्षद काळसेकर तेवढा मागे राहिला. बसस्टँडमागच्या खोलीत तो एकटा राहायचा आणि खानावळीचं पार्सल लॅपटॉपसमोर उघडून जेवायचा. चार महिन्यांत त्याने गावातल्या हजारभर दारांवर घंटागाडीच्या नोंदीसाठी कोड चिकटवले होते, पण एकाही घरात तो टेकला नव्हता. याचं त्याला वाईट वाटायचं. कुणी विचारलं तर तो कामाचा ताण आहे असं सांगायचा.

दुसऱ्या दिवशी अकराला समारंभ होता. प्राध्यापक येणार होते, नगराध्यक्ष येणार होते. वर्षभराचे गुण त्या एका समारंभावर ठरायचे होते.

"आणि हे बघा," हर्षदने एका चौकोनावर बोट ठेवलं. "घर नंबर एकशे चौदा. एक्केचाळीस दिवस. ओला कचरा शून्य, सुका कचरा शून्य. अख्ख्या गावात एवढे दिवस दुसऱ्या कुठल्या घराचे नाहीत. उद्याचं पहिलं बक्षीस यांनाच."

मावशी सुतळीची गाठ सोडवत होत्या. हात थांबला.

"तितं कोन ऱ्हातं?"

"सोनटक्के. व्ही. आर. सोनटक्के. सदस्य संख्या एक."

"तू बगितलंस का त्यांना?"

"घंटागाडी रोज जाते ना. गाडीवाला बेल दाबतो. कुणी आलं नाही, तर फोनवर 'कचरा नाही' हे बटण दाबून पुढे जातो."

"आन् कुनी येतच न्हाई."

"कचराच नसेल तर येतील कशाला?"

मावशींनी सुतळी बाजूला ठेवली.

"एक मानूस एक्केचाळीस दिस कांदा चिरत न्हाई," त्या म्हणाल्या. "तुला भ्या न्हाई वाटलं?"

"मला कौतुक वाटलं," हर्षद म्हणाला. पोरगं खोटं बोलत नव्हतं.

मावशी गुडघ्यावर हात रेटून उठल्या.

"चल. बक्षीस आत्ताच देऊन येऊ."

"समारंभ उद्या आहे, मावशी!"

"ती पाटी घे."

पितळी पाटी होती. 'आदर्श घर, शून्य कचरा' असं त्यावर कोरलेलं. हर्षद ती छातीशी धरून मागे, मावशी पुढे. बाजारात मावशींनी मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, मिरच्या घेतल्या, कांदे-लसूण घेतले, जोंधळ्याचं पीठ घेतलं. पिशवी हर्षदच्या दुसऱ्या हातात गेली. प्रमुख पाहुण्यांच्या आधी बक्षीस देणं नियमात बसत नाही, हे तो दोनदा बोलला. मावशींनी दोन्ही वेळा "व्हय" म्हटलं आणि त्या चालत राहिल्या.

गल्लीच्या तोंडाशी त्या जराशा थांबल्या.

"पोस्टात मास्तर व्हते सोनटक्के. मंडळी व्हत्या तवा ह्या घराचा कचरा मी डोळं झाकून वळखायची. सोमवारी वाटाण्याची टरफलं. बेस्तरवारी पिवळी फुलं. मी दारात आले की आतनं हाळी यायची, गोदा, थांब गं, आले... दिवाळीत गेल्या त्या. मी दारापत्तुर जाऊन आले. मग न्हाई गेले. लोकास्नी सांगते गुडगा दुकतो."

"दुखत नाही?"

"दुकतो की. पर तेवढ्यानं काय मानूस अडतंय व्हय."

 हर्षद पाटीवरचं अक्षर वाचत उभा राहिला.

दार उघडायला बराच वेळ लागला. उघडलं तेव्हा आत एक उंच म्हातारा उभा होता. सदऱ्याची कॉलर मानेपासून चार बोटं लांब.

"गोदाबाई? या... आत या."

मावशी उंबऱ्याशी अडखळल्या. चौतीस वर्षं रोज या दाराशी येऊनही त्या कधी आत आल्या नव्हत्या. मग त्यांनी चपला काढल्या आणि सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

ओटा लख्ख होता. गॅसच्या शेगडीवर धुतलेलं फडकं अंथरलेलं. फडक्याला घडीच्या रेघा तशाच होत्या. फळीवर एक पोह्यांचा डबा, शेजारी एक वाटी.

"भिजवले की होतं," सोनटक्के ओशाळून म्हणाले. "एकट्यासाठी कुठं भांडी पाडायची?"

"चहा?" मावशींनी विचारलं.

"सोडला. बरा सुटला."

हर्षदने पाटी पुढे केली.  सोनटक्क्यांनी पाटी खिडकीशी नेली आणि जुन्या सवयीने पत्ता वाचावा तशी हळूहळू वाचली.

"आदर्श घर..." ते म्हणाले. "नोकरीत कधी बक्षीस मिळालं नाही हो. पण मी काय केलं?"

"तुम्ही..." हर्षद म्हणाला. "तुम्ही कचरा केला नाही."

"हो," सोनटक्के म्हणाले. "काहीच केलं नाही."

हर्षदला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक्केचाळीस दिवस तो हा चौकोन बघून खूश होत होता. मित्रांना त्याने याचा फोटोही पाठवला होता.

मावशींनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि मेथीची जुडी सोडली.

"मास्तर, बसा. तू बी बस रं."

"मावशी, उद्याचं भाषण लिहायचंय मला..."

"बस."

तो बसला. मेथी निवडायची असते हे त्याला ठाऊक होतं, पण कशी ते नव्हतं. त्याने अख्ख्या काड्याच पातेल्यात टाकायला सुरुवात केली.  सोनटक्क्यांना राहवेना.

"अहो, एवढा देठ नका घेऊ. चोथा होतो नुसता. पानं खुडायची, अशी. मला ही ओरडायची..."

आणि ते थांबले. पानं मात्र खुडत राहिले.

 कागदावर काड्यांचा ढीग वाढत होता. कांद्याची सालं पडली, लसणाची पडली. शेगडीवरचं फडकं सोनटक्क्यांनी स्वतः उचललं. गॅस पेटायला तीन काड्या लागल्या. मावशींनी भाकरी थापल्या. म्हाताऱ्याने पहिला घास घेतला आणि तो तोंडात तसाच धरून ठेवला. मग चावला. दीड भाकरी खायला त्याला पाऊण तास लागला. हर्षद तोवर पाटावरून हलला नाही. त्याचंही ताट चार महिन्यांत पहिल्यांदाच कुणाच्या तरी ताटाशेजारी होतं.

सकाळी आठला घंटागाडी गल्लीत शिरली. आज हर्षद गाडीबरोबर होता.

एकशे चौदाच्या फाटकाशी सोनटक्के आधीच येऊन थांबले होते. एका हातात हिरवी बादली, दुसऱ्यात पितळी पाटी.

"आज कचरा निघाला," ते अपराध्यासारखे म्हणाले. "तेव्हा हे बक्षीस आता माझं नाही. दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"काका, तुम्ही ठेवा ना..."

"नको. खोटं होईल ते."

बादली रिकामी झाली. गाडीवाल्याने कोडवर फोन धरला. हर्षदच्या पडद्यावर एकशे चौदाचा हिरवा चौकोन लाल झाला. सोनटक्के रिकामी बादली घेऊन आत निघून गेले.

हर्षद शेडमध्ये आला, तेव्हा मावशी पोत्यावर बसून बाटल्यांची झाकणं वेगळी करत होत्या. तो त्यांच्यासमोर जमिनीवरच बसला. पाटी मांडीवर.

"मावशी, मी पहाटे यादी काढली."

"मग?"

"अशी आणखी सात घरं आहेत. सगळी हिरवी. सगळीकडे सदस्य संख्या एक."

मावशींनी पुढची बाटली उचलली.

"मला सातांपैकी एकाचाही चेहरा आठवत नाही... दारावर कोड मीच चिकटवलेत."

बाहेर समारंभाचा मंडप घालायला आलेली माणसं खांब उतरवत होती. कुणीतरी माइकवर फुंकर मारून बघत होतं.

"अकराला सगळे येतील," हर्षद म्हणाला. आवाजात कालचा ताठा राहिला नव्हता. "प्राध्यापक विचारतील. मी काय सांगू? अहवालात काय लिहू?"

मावशींनी हातातलं झाकण टोपलीत टाकलं.

"ते लिही सावकाश. आज मास्तरांकडं जेवायला कोन जानार, ते आदी सांग."