वण जाईल तेव्हा

"मग आता शपथेचं काय करायचं, बाबा?"

दर्ग्याच्या ओट्यावर जोतिराम हलवाई घाम पुसत बसला होता. वीस वर्षांमागं याच ओट्यावर, हैदरबाबांच्या समोर, त्यानं शपथ घेतली होती : छातीवरचा हा वण जाईल, त्या दिवशीच भावाच्या उंबऱ्यात पाय ठेवीन.

थोरल्या दिनकरनं भांडणात तापला झारा फेकून मारला होता. जखम भरली, पण वण करंगळीएवढा फुगून वर आला. असला वण काही जात नसतो, हे जोतिरामला पक्कं ठाऊक होतं. शपथ घ्यायला त्याचं काय जात होतं?

उद्या दिनकरच्या लेकीचं लग्न. पत्रिका घेऊन तो दोनदा जोतिरामच्या दारातून परत गेला होता.

"शपथेच्या आधी तू तर वण कापून काढला होतास," बाबा म्हणाले.

"काढला. दुपटीनं वाढला."

"मग आता कसा गेला?"

"खाजेनं झोप लागेना, म्हणून डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्या म्हणाल्या, कापायचं नाही. महिन्याला सुई, थेट वणातच. पहिल्यांदा तर औषध आत शिरेना, इतका निबर. डोळ्यांपुढं काजवे चमकले. पाचव्या सुईला... बसला खाली." जोतिराम रडवेला झाला. "मी खाज घालवायला गेलो होतो, बाबा! वण घालवा असं म्हटलंच नव्हतं."

बाबांनी कान त्याच्याकडं वळवला.

"पण डाग आहे हं अजून," जोतिराम घाईनं म्हणाला. "म्हणजे वण आहेच की... का नाही?"

मोतीबिंदूनं बाबांना दिसत नव्हतं.

"दाखव."

जोतिरामनं झटक्यात बटणं सोडली. वीस वर्षं ज्याला त्याला छाती उघडून दाखवायची सवयच होती. बाबांचं बोट छातीवरून फिरलं. पुन्हा फिरलं.

"कुठं?"

"हा काय, इथं." जोतिरामनं स्वतःचं बोट टेकवलं. डोळे मिटून चाचपलं, वर सरकवलं, खाली सरकवलं. हाताला नुसती छाती लागत होती. त्याला काही कळेनासं झालं. सुटल्यासारखं वाटत होतं आणि घरात चोरी झाल्यासारखंही.

"सापडत नाही, बाबा..."

बाबांनी त्याच्या सदऱ्याची दोन्ही टोकं जवळ ओढली.

"बटणं लाव. लग्नाच्या घरी असं जायचं नसतं."