उद्याची हजेरी

साप चावलेल्या एका माणसाला जीपमधून तालुक्याला नेताना तो वाटेतच गेला, तेव्हा बोरवंडच्या लोकांनी थेट आरोग्यमंत्र्यांकडे तक्रार केली, की आमच्या दवाखान्यात डॉक्टर येतच नाहीत. मंत्री पाहणीला आले खरे, पण गावाला खोटं पाडायचं ठरवूनच. त्या दिवशी डॉक्टर इस्त्रीचा कोट घालून दारातच उभे होते.

मंत्र्यांनी गावकऱ्यांना काही विचारलंच नाही. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या यसाबाईला त्यांनी सगळ्यांदेखत पुढे बोलावलं. नोकरीच्या धाकाने ही बाई आपल्याला हवं तेच बोलेल, असा त्यांचा अंदाज होता.

"काय बाई, डॉक्टर रोज येतात ना?"

"येतात की साहेब," यसाबाई म्हणाली. "काल आले होते, आज आलेत. उद्यासुद्धा येऊन गेले."

मंत्री हसले. "अहो, उद्या कसे येऊन जातील?"

"ते मला अडाणी बाईला काय ठाऊक? टेबल पुसताना दिसलं ते सांगितलं." तिने हजेरीपुस्तक आणून त्यांच्यापुढे उघडलं. त्या दिवशी बारा तारीख होती. डॉक्टरांच्या सह्या तीस तारखेपर्यंत झालेल्या होत्या.

डॉक्टर कोटाची बटणं चाचपू लागले. गाव हसायला लागलं, तसा मंत्र्यांनी आवाज चढवला. "हे चालणार नाही! पुढच्या महिन्यात मी स्वतः इथे येऊन बघणार!"

यसाबाईने भेटीला येणाऱ्या साहेबांच्या सह्यांची वही उचलली, कोरं पान काढलं आणि पेन पुढे केलं.

"मग साहेब, त्याचीही सही आत्ताच करून जा."