त्रैराशिकाचं गलबत

"दसऱ्याला गलबत पाण्यात उतरलं नाही, तर धाकू मेस्ताची गोदी काढून घेईन! परमुलखातले सुतार आणून बसवीन तिथे!" राजे चंद्रभान भर सदरेवर कडाडले. आणि दसरा होता एका महिन्यावर!

हे खूळ महाराजांच्या डोक्यात भरवलं कुणी? मी! विसाजीपंत, राज्याचा कारभारी. महाराजांना गोदी वाढवायची होती, रिकाम्या हातांना काम द्यायचं होतं. यात वाईट काय? पण मी मध्येच त्रैराशिक मांडलं. चाळीस माणसं एक गलबत वर्षात बांधतात, तर चारशे ऐंशी माणसं किती दिवसांत? एका महिन्यात! उत्तर इतकं सुबक आलं की मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

सरकारी खजिना उघडला आणि मी चारशे चाळीस नवी माणसं भरती केली. शिंपी, हलवाई, दोन कीर्तनकार, एक ढोलकीवाला. जो दिसला तो घेतला. लाकूड कमी पडलं, म्हणून रानातून ओलं सागवान तोडून आणवलं. ढोलकीवाल्याचा हातोडा अगदी तालात पडायचा, फक्त खिळ्यावर पडायचा नाही. शिंप्याने साऱ्या फळ्या दोन बोटं ढगळ कापल्या, वाढत्या अंगाला बऱ्या म्हणून! जुने चाळीस कारागीर नव्यांची ठेचलेली बोटं बांधत बसले आणि होतं तेही काम थांबलं. मी रोज घोड्यावरून जाऊन "वा, वा!" म्हणून यायचो.

धाकू मेस्त रडकुंडीला आला. सारा जन्म त्याच गोदीत गेलेला, म्हातारपणी जायचं कुठे? शेवटी त्याची लेक आवडी सदरेवर आली. फळ्यांच्या फटींत कापूस ठोकून गलबत पाणबंद करण्यात या मुलीचा हात कुणी धरत नसे.

"महाराज, गलबत दसऱ्याला तयार!" ती म्हणाली.

"बघा!" मी छाती फुगवली. "त्रैराशिक कधी चुकायचं नाही!"

"फक्त गोदीचा रिवाज पाळायला हवा, पंत."

"कसला रिवाज गं?"

"गलबत उतरवायचा दिवस जो काढतो, तोच पहिल्या फेरीला त्यात बसतो. घरच्या माणसांसकट. समोरच्या बेटापर्यंत जायचं आणि परत यायचं. आजवर दिवस बाबा काढायचे, म्हणून मी लहानपणापासून बसत आले. यंदाचा दिवस तुम्ही काढलात."

"रिवाज म्हणजे रिवाज!" महाराज म्हणाले. "पंत, वहिनींना तयारी करायला सांगा."

मला पोहता येत नाही. हौदाशेजारी आंघोळ करतानासुद्धा मी खांब धरतो! त्यात सासूबाई आमच्याकडेच मुक्कामाला. त्या बुडतानाही मला चार शब्द सुनावल्याशिवाय राहिल्या नसत्या.

"महाराज!" मी ओरडलो. "सागवान ओलं आहे! वाळलं की फळ्या आकसतील, फटी पडतील!"

"अस्सं?"

"ढोलकीवाल्याचे निम्मे खिळे वाकडे आहेत! शिंप्याची एक फळी दुसरीला लागत नाही! बेट कसलं, हे गलबत काठ सोडायच्या आत तळ गाठेल!"

महाराजांनी भुवया चढवल्या. "मग हे आजवर का नाही बोललात?"

"आजवर मला त्यात बसायचं नव्हतं, महाराज!"

सदरेवर कुणीतरी फिस्सकन हसलं. आवडीने हात जोडले.

"महाराज, पंतांना सगळं सुतारकाम एका घटकेत आलं! आता उरलेल्या चारशे चाळीस जणांनाही असंच गलबतात बसवून शिकवू, की बाबांच्या हाताखाली दोन वर्षं ठेवून?"

महाराज असे हसले की त्यांचा मंदिल डोळ्यांवर आला! हसता हसताच त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून आवडीला दिलं. धाकूची गोदी धाकूकडेच राहिली. खजिना उघडाच ठेवला, पण वाळलेल्या लाकडासाठी आणि शिकाऊ माणसांच्या दोन वर्षांच्या पगारासाठी. शिकवायचा सारा अधिकार आवडीला मिळाला.

आणि शिकाऊंच्या यादीत महाराजांनी पहिलं नाव माझं घातलं! आवडीने तिथल्या तिथे माझ्या हाती रंधा ठेवला. मी तो उलटा धरला, आणि महाराज पुन्हा पोट धरून हसू लागले.