ड्यूकचा किड्यांना हुकूम

व्हाल्दोरा गावच्या नव्या ड्यूकला दुपारी झोप येईना, आणि त्यापायी सगळ्या गावाची झोप उडाली!

डॉन फादरिके हा ड्यूक वाढला होता स्पेनच्या उत्तरेला, पावसाच्या आणि गार वाऱ्याच्या मुलखात. काकाच्या मागे दक्षिणेतली ही जहागीर त्याच्याकडे आली, आणि भर उन्हाळ्यात तो इथे येऊन दाखल झाला. इथली रीत अशी, की जेवणं उरकली की खिडक्या लावून घ्यायच्या आणि ऊन उतरेपर्यंत आडवं व्हायचं. सिएस्टा म्हणतात तिला. ड्यूकला ही रीत फार पसंत पडली. पण महालाला लागूनच ऑलिव्हची जुनी राई होती. ऊन तापलं की त्या झाडांवरचे किडे किरकिरायला लागत, ते थेट संध्याकाळपर्यंत. गावकऱ्यांना त्या आवाजाशिवाय डोळा लागत नसे, आणि ड्यूकला त्या आवाजात लागत नसे.

नोकरांनी धूर केला, फांद्या झोडपल्या. किडे उडाले आणि शेजारच्या झाडावर बसून पुन्हा सुरू झाले. अखेर ड्यूकने चौकात दवंडी पिटवली. रविवारपर्यंत किडे गप्प झाले पाहिजेत, नाहीतर सगळ्या राईवर कुऱ्हाड चालेल.

 राईतली फळं तोडून त्यांचं तेल काढण्याच्या कामावरच तर घरोघरच्या चुली पेटत होत्या. म्हातारी माणसं विनवायला गेली. ड्यूकने त्यांना वाटेला लावलं. माझ्या जमिनीवर राहील ती माझी प्रजा, मग माणूस असो की किडा, आणि प्रजेने हुकूम पाळलाच पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

खानावळवाल्याची मुलगी एन्कार्ना बोलण्यात कुणाला हार जाणारी नव्हती. तिने हे ऐकलं आणि हातातलं काम टाकून सरळ महाल गाठला. 

"सरकार, किड्यांनी हुकूम मोडला असं कसं म्हणावं?" ती म्हणाली. "दवंडी पिटली चौकात, आणि ते बिचारे राहतात झाडांवर. त्यांना कुणी सांगितलंच नाही."

"मग तू जाऊन सांग."

"माझं ते का ऐकतील? प्रजा ऐकते धन्याचं."

ड्यूक स्वतःच्याच शब्दांत अडकला. पिसाची टोपी चढवून तो ऐन उन्हात बाहेर पडला. मागे एन्कार्ना, तिच्यामागे छत्री सावरत कारभारी. पहिल्या झाडाखाली जाऊन ड्यूक गरजला, "गप्प बसा!"

झाड गप्प झालं. एन्कार्नाने रोखलेला श्वास सोडला. माणूस जवळ आला की हे किडे दबून बसतात, हे तिने लहानपणापासून पाहिलं होतं. ते आजच दगा देतील की काय, अशी धाकधूक होती.

ड्यूकची छाती फुगली. तो दुसऱ्या झाडाकडे गेला. तेही गप्प! तेवढ्यात मागचं झाड सुरू झालं. तो मागे वळला, तर पुढचं सुरू. या झाडाकडून त्या झाडाकडे, त्या झाडाकडून पलीकडच्या, असं करत करत तो राईभर फिरला. टोपीचं पीस घामाने चिकटलं, घसा बसला.

शेवटी तो वैतागून म्हणाला, "ही कसली तऱ्हा? मी समोर असलो की गप्प, आणि पाठ वळली की किरकिर!"

"मग ते तुमचीच प्रजा, सरकार," एन्कार्ना म्हणाली. "आम्हीही तसंच करतो."

कारभारी मान खाली घालून स्वतःचे बूट न्याहाळू लागला.  ड्यूकला मात्र असं हसू फुटलं की आजूबाजूची उरलीसुरली झाडंही चिडीचूप झाली. राई आता तुटणार नाही, असं त्याने तिथेच कारभाऱ्याला सांगितलं आणि एन्कार्नाला विचारलं, "बोल, काय बक्षीस देऊ?"

"आज ज्या झाडांनी तुमचा हुकूम ऐकला, तेवढ्यांचं यंदाचं तेल गावाला द्या."

"दिलं," ड्यूक म्हणाला. एवढ्यातेवढ्याचं काय, अशा थाटात त्याने मागे वळून पाहिलं. महाल दूर, पार राईच्या त्या टोकाला दिसत होता, आणि मधलं एकही झाड त्याने सोडलं नव्हतं.

मग मात्र तो हसता हसता खालीच बसला.