घरी बरं हाय न्हवं?

दूधगंगेवर पूल झाला नव्हता आणि माणसं गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडायची, त्या काळातली ही गोष्ट. ऐकायला बसलात तर मध्येच उठू नका. शिरगोळीत ही गोष्ट अर्धी ऐकणं वाईट समजतात.

शिरगोळीत तेव्हा तालीम होती, तांबडी माती होती, आणि फुटबॉल नुकताच आला होता. पलटणीतून सुटून आलेल्या कुणीतरी तो ट्रंकेत घालून आणला म्हणे. आमचे पैलवान पहिली काही वर्षं चेंडू सोडून समोरच्या गड्यालाच धरायचे आणि चीतपट करून गोल झाला म्हणून नाचायचे. मग सिदू परीट वयात आला, आणि हा खेळ पायानं खेळायचा असतो हे गावाला कळलं.

सिदूची आई सोनाक्का गावाची धुणी धुवायची. सिदू नदीकाठच्या शेवाळलेल्या दगडांवर चालायला शिकला, म्हणून त्याचा पाय कुठंच घसरायचा नाही. ओल्या धुण्याचं बोचकं तो लाथेनं उडवून थेट गाढवाच्या पाठीवर टाकायचा, असं म्हणतात. मैदानात उतरला की चेंडू त्याच्या पायाशी मांजरासारखा घुटमळायचा. एकदा त्यानं मारलेला चेंडू जो वर गेला तो खाली येईना. लोक घरी जाऊन भाकरी खाऊन आले, तेव्हा कुठं तो पडला, आणि पडला तोही गोलातच. यातलं खरं किती नि लोणकढी किती, ते मला विचारू नका. मी शिरगोळीचा आहे, मला सगळंच खरं वाटतं.

पण पायात एवढं देणं असलेल्या या पोराच्या जिवाला एक घोर लागलेला होता. त्याचा बाप पुरात गेला, तेव्हा सिदू लहान होता आणि माळावर खेळत होता. कुणी त्याला बोलवायला गेलं नाही. दिवेलागणीला तो घामेजून घरी आला, तर सगळं उरकून माणसं परतलीसुद्धा होती. तेव्हापासून त्याचा पाय मैदानात आणि जीव घरात. चेंडू रेषेबाहेर गेला की तो तालमीच्या बाबगोंडा वस्तादांकडं वळायचा आणि विचारायचा, "वस्ताद, घरी बरं हाय न्हवं?"

वस्ताद मिशीवर हात फिरवत ओरडायचे, "बरं हाय गा! खेळ तू!"

की गडी पुन्हा वाऱ्यावर. पुढं पुढं लोकांनाही त्याची गंमत वाटायला लागली. सिदूनं विचारलं की सगळं मैदानच एका सुरात "बरं हाय!" म्हणायचं आणि हसायचं. खेळ संपला की सिदू हार, नारळ काही न घेता पळत घरी जायचा. "आई, जिंकलो," म्हणायचा. सोनाक्का वर न बघता म्हणायची, "पाय धू आधी." तेवढं ऐकलं की त्याचा चेहरा उजळायचा.

एका वर्षी गावच्या यात्रेच्या ढालीचा शेवटचा सामना आमच्याच मैदानात, शिरगोळी आणि शहरातली एक पेठ यांच्यात लागला. ती ढाल आमच्या गावाला कधी मिळाली नव्हती. आणि नेमकी तेव्हाच सोनाक्का तापानं अंथरुणाला खिळली. सिदू म्हणाला, "मी येत न्हाई." सगळी तालीम त्याच्या दारात जमा झाली. शेवटी वस्तादांनी भंडारा उचलला आणि त्याच्या आईसमोर शब्द दिला, "काय बी कमी-जास्त झालं तर चालू खेळातनं तुला घरी धाडीन. देवाची आण."

सोनाक्का म्हणाली, "जा. खेळून ये."

सिदू गेला. शेजारची गंगव्वा उशाशी बसली.

पहिला डाव बरोबरीत चालला होता. मैदानाभोवती सात गावची माणसं होती, झाडांवर माणसं होती. तेवढ्यात गंगव्वा गर्दीतून वाट काढत वस्तादांपाशी आली. तिचा पदर सुटला होता. ती एवढंच म्हणाली, "सोनाक्का गेली. सिदूला धाडा."

वस्तादांनी तिच्याकडं बघितलं. मग मैदानाकडं बघितलं, आणि मग त्या ढालीकडं. ती टेबलावर उन्हात चमकत होती. "थांब जरा," ते म्हणाले. "गेलेलं माणूस कुठं जातंय. एवढं हुंदे."

गंगव्वा म्हणाली, "भंडारा उचललायसा वस्ताद."

त्यांनी मान मैदानाकडं फिरवली. पण शेजारच्यानं ते ऐकलं होतं. त्यानं पलीकडच्याला सांगितलं. खळ्यातल्या आगीसारखी ती बातमी मैदानाला वेढा घालून आली, आणि ज्याच्या घरची होती तो एकटा सोडून सगळ्यांना कळली.

मग चेंडू रेषेबाहेर गेला. सिदू वळला. "घरी बरं हाय न्हवं?"

आणि सगळं मैदान एका सुरात म्हणालं, "बरं हाय!"

बाया म्हणाल्या, म्हातारे म्हणाले, देवाचा पुजारीसुद्धा म्हणाला. आमच्याच आज्या-पणज्या होत्या त्या, दुसरं कोण असणार! एवढ्या मोठ्यानं ते कधीच म्हणाले नव्हते, असं म्हणतात.

त्यानंतर सिदू जे खेळला त्याला तोड नाही. त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते, गवतावर वळ उमटत नव्हता. पेठेचे गडी जागच्या जागी उभे राहून नुसते बघत होते. सिदूनं गोलावर गोल चढवले. ढाल आली. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, हलगी कडाडली, गुलाल उडाला. तो म्हणत होता, "सोडा, घरी जायाचंय." लोक सोडेनात. खाली उतरवायची हिंमतच कुणाला होत नव्हती.

परीट गल्लीच्या तोंडाशी हलगी आपोआप थांबली. दारात तिरडी बांधून तयार होती.

सिदू खांद्यावरून उतरला. कुणाकडं न बघता तो आधी नदीवर गेला, पाय धुतले, आणि मग घरात शिरला.

लोकांना वाटलं, पोरगं सावरेल. दुसऱ्या वर्षी तो मैदानात उतरला तेव्हा आनंदानं टोप्या उडाल्या. खेळ पहिल्यापेक्षाही देखणा झाला होता. पण आता तो गोलापाशी पोचायचा, गोलकीपर आडवा पडलेला असायचा, आणि सिदू चेंडू रेषेवर पायाखाली धरून थांबायचा. लोकांकडं वळून विचारायचा, "घरी बरं हाय न्हवं?"

काहीजण सवयीनं "बरं हाय!" म्हणायचे. तो मान हलवायचा, चेंडू तिथंच ठेवायचा आणि मैदान सोडून चालू लागायचा. रागावून नव्हे. विश्वास उडालेलं माणूस जसं गपचूप उठतं तसा.

त्याची कीर्ती ऐकून मुंबईच्या एका मोठ्या संघाची माणसं त्याला न्यायला आली. त्या दिवशी सिदूनं एकट्यानं समोरचा सगळा संघ मागं टाकला, चेंडू रेषेवर आणला आणि थांबला. एवढा एक गोल झाला असता तर शिरगोळीचा परीट देशभर गाजला असता. त्यानं विचारलं, "घरी बरं हाय न्हवं?"

कुणी बोलेना. खरं बोलायला तोंड नव्हतं आणि खोटं बोलायची आता लाज वाटत होती. सिदूनं बराच वेळ वाट पाहिली. मग चेंडू ठेवला आणि निघाला. मुंबईची माणसं हळहळत मोटारीत बसली.

पुढचं सांगायला जीभ रेटत नाही. सिदू दारूला लागला. ज्यांना त्याच्याशी बोलता येत नव्हतं तेच त्याचा पेला भरायचे. जत्रेत नवख्या माणसाला त्याच्याकडं बोट दाखवून सांगायचे, "ह्यो सिदू. काय झाला असता, म्हाईत हाय?" एका सकाळी तो नदीवर, आईच्या धुण्याच्या दगडावर पाय धुताना दिसला. तो शेवटचा. कुणी म्हणतं, नदीनं नेला. कुणी म्हणतं, बेळगावकडं कुणाच्या तरी भट्टीवर कपडे धुवायचा. धुकं पडलेल्या सकाळी आमच्या मैदानात गोलाच्या रेषेवर दवानं भिजलेला चेंडू सापडतो, असंही म्हणतात.

ती ढाल तालमीत आहे. तिचं तोंड भिंतीकडं केलेलं आहे, आणि ते वस्तादांनी स्वतःच्या हातानं केलं.

सिदू दिसेनासा झाल्यावर पुढच्या यात्रेला म्हातारे वस्ताद काठी टेकत मैदानात आले. शिट्टी वाजू दिली नाही. आधी खेळणाऱ्या प्रत्येकाच्या घरी जाऊन आले. शेवटी परीट गल्लीत सिदूच्या बंद दारापाशी उभे राहिले. मग मैदानाच्या मधोमध येऊन प्रत्येकाला नाव घेऊन सांगितलं, घरी कसं आहे ते. कुणाची म्हैस आजारी, कुणाचं पोर रडतंय, जे असेल ते. आणि सगळ्यांत शेवटी, आवाज फाटेपर्यंत ओरडले, "सिदू, तुझी आई गेली रं! घरी जा!"

आजही शिरगोळीत प्रत्येक सामन्याआधी एक जाणतं माणूस घरोघरी जाऊन येतं. बाहेरून आलेले संघ पहिल्यांदा हसतात, मग तेही ऐकत उभे राहतात. शेवटची, सिदूच्या नावाची हाक झाली की शिट्टी वाजते, आणि सिदूच्या जागेवरचा आमचा डाव्या बाजूचा गडी चेंडूकडं पाठ करून निघतो. परीट गल्लीतून नदीवर जातो, सोनाक्काच्या दगडावर पाय धुतो आणि परत येतो. तोवर आम्ही दहाजण खेळतो. त्या वेळात पुष्कळदा आमच्यावर गोल होतो, आणि ढाल तर पुन्हा कधी आली नाही.

मध्यंतरी शहरातून आलेला एक खेळ शिकवणारा वैतागून म्हणाला, "अहो, निदान त्याला लवकर परत ये म्हणून तरी सांगा!"

गंगव्वाची नातसून रेषेपाशी बसली होती. ती म्हणाली, "न्हाई सांगायचं. त्येला घरी जाऊ दे."