महाराजांची मूठ

"उद्यापासून या अंगणात शेकोटी पेटली, तर पेटवणाऱ्याला गडाखाली हाकलून देईन!" राजे रणधीरराव कडाडले.

थंडी मरणाची होती. राजवाड्यामागच्या अंगणात नोकरांची पोरं पहाटेपासून शेकोटीभोवती 'मुठीत काय' खेळत होती. त्यांच्या गलक्याने राजांची साखरझोप मोडली होती.

चुलाणावर पाणी तापवणारी बायजा धावत पुढे आली. तिच्या पोरांना धड घोंगडी नव्हती, शेकोटी हीच काय ती ऊब. तिने हात जोडले.

"दया करा, महाराज!"

"बरं, खेळूनच ठरवू. लहानपणी या खेळात मला कुणी हरवलं नाही!" राजांनी उजवी मूठ पाठीमागे नेऊन पुढे धरली. "ओळख, आत काय? एकदाच सांगायचं. चुकलीस, की शेकोटी कायमची बंद!"

"आणि नियम, महाराज?"

"पोरांचे तेच माझे!"

पोरं एका सुरात ओरडली, "उत्तर येईपर्यंत मूठ उघडायची नाही! आधी उघडली तो हरला! हरला त्याच्या नाकाला राख!"

बायजाने मूठ निरखली. काही म्हणता काही सुचेना. सुचणार कसं? कमरेला खोचलेली किल्ली कालच तिने घरभर शोधली होती. असलं डोकं आज ऐन वेळी कसलं धावून येतंय! नियम मात्र पाठ होते. ती शेकोटीपाशी मांडी ठोकून बसली.

"सांग लवकर!"

"विचार करतेय, महाराज. माझं डोकं म्हणजे ओलं लाकूड. धूरच फार, पेटायला वेळ लागतो."

हरायचं नव्हतं, म्हणून राजेही चौरंग मागवून तिथेच बसले. गरम थालीपीठ आलं, वर लोण्याचा गोळा. राजांनी उजवा हात पुढे केला आणि चटकन मागे घेतला. राजा झाला तरी डाव्या हाताने जेवणार कसा?

"भरवू का, महाराज? माझ्या धाकट्याला मीच भरवते."

पोरं खिदळली. राजे लालबुंद झाले. थालीपीठ तसंच निवून गेलं.

दुपारी जेवणाचं ताट आलं. भरीत, भाकरी, ताजं ताक! राजांचं पोट सगळ्यांना ऐकू जाईल असं गुरगुरलं.

"अगं बये, बोल काहीतरी! चुकीचं बोल!"

"चुकले तर शेकोटी जाईल, एवढं या डोक्यालाही कळतं. आमच्या खेळात विचाराला मुदत नसते, महाराज. उद्यापर्यंत सुचेल."

"उद्यापर्यंत?" राजांनी मूठ उघडली. आत काहीच नव्हतं!

"रिकामीच होती," राजे ओशाळून म्हणाले. "तू कशाचंही नाव घेतलं असतंस, तरी चुकलीच असतीस."

"रिकामी कुठली, महाराज? तुमची न्याहारी आणि जेवण, दोन्ही तिच्यातच अडकली होती!"

राजे पोट धरधरून हसले. शेकोटीतली राख उचलून त्यांनी स्वतःच नाकाला फासली. दर हिवाळ्यात या अंगणात गाडीभर लाकडं आणि प्रत्येक पोराला नवी घोंगडी, असा हुकूम सोडला. आणि तशाच राखेच्या नाकाने ते भाकरीवर तुटून पडले.