काट्यांमागचा कोपरा

डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक शेतकरी डुकरे पाळून निर्विष शेती करीत असे. सुगी संपली की तो डुकरांना शेतात सोडी. ती मुसकटाने माती उकरून लव्हाळ्याच्या गाठी खात. तण समूळ नाहीसे होई आणि जमिनीला खतही मिळे.

त्या वर्षी राजाच्या पाकशाळेची प्रमुख धान्य पारखायला येणार होती. पाटाजवळच्या कोपऱ्यात मात्र लव्हाळा माजला होता.

"डुकरं पोचतील तिथंही. धीर धरा जरा," बायको म्हणाली.

पण तण दिसले तर अब्रू जाईल, या भीतीने शेतकऱ्याला धीर धरवला नाही. त्याने गुपचूप तिथे विषारी भुकटी पसरली. तण करपले. डुकरे तिकडे फिरकू नयेत, म्हणून त्याने काटे लावले.

पाकशाळाप्रमुख आली. शेत पाहून प्रसन्न झाली. "आता रीतीप्रमाणे जनावरं सोडा. मालकाची डुकरं जिथं चरतील ती जमीन निर्विष, तिथलंच धान्य राजाच्या ताटात! पण त्या कोपऱ्यात काटे कशाला?"

"तिथं... विंचू फार झालेत, बाई."

"डुक्कर कधीपासून विंचवाला भिऊ लागलं?" ती हसली आणि काठीने काटे दूर सारले.

भुरी डुकरीण पिल्लांसह थेट तिकडे धावली. तिथल्या गाठींची गोडी तिला ठाऊक होती. मात्र धन्याच्या होकाराशिवाय ती कुठेच तोंड घालीत नसे. कोपऱ्याच्या कडेला थबकून तिने मागे पाहिले.

शेतकऱ्याने नुसते 'हूं' म्हटले की सौदा पक्का. विष काही लगेच भिनणार नव्हते. तोवर बाई निघून गेली असती. एक पिल्लू आईच्या पायांतून पुढे घुसले.

"भुरे, मागे हो!" तो ओरडत धावला आणि पिल्लू उचलून मध्ये उभा राहिला. "बाई, इथं मी विष टाकलंय."

पाकशाळाप्रमुख म्हणाली, "मग यंदा इथला एक दाणाही मी नेणार नाही."

"विंचू म्हणे!" बायको पुटपुटली आणि विषारी माती उपसायला कुदळ आणायला गेली.

फाटकाशी पाकशाळाप्रमुख थांबली. "जमीन शुद्ध झाली की निरोप धाडा."

"तेव्हाही डुकरं सोडावी लागतील ना?" त्याने खाली मान घालून विचारले.

"नाही. तेव्हा तुम्हालाच विचारीन."

तात्पर्य: आपल्यावर विसंबणाऱ्याचा जीव धोक्यात घालून राखलेली अब्रू ही अब्रूच नव्हे.